चिलटबाई

बाईंकडे खोली बघायला येणाऱ्या मुलीला त्या एकच अट घालत. उशिरा येणं, मांसाहार, मैत्रिणींचा गोतावळा, मित्र, यांतल्या कशाबद्दलही त्यांचं काही म्हणणं नसे. "डास मारायचं काहीही या घरात येणार नाही," एवढंच त्या सांगत. "उदबत्ती नाही, ते भिंतीत खुपसायचं लिक्विड नाही, आणि ती तडतडणारी रॅकेट तर मुळीच नाही. मच्छरदाणी मी देईन. तरी चावले तर खाजव."

कर्वेनगरात, नदी हाकेच्या अंतरावर आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ओढा, अशा जागी ही अट ऐकली की मुली चहा न घेताच जिना उतरत. मी उतरले नाही. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मी अमरावतीहून जड बॅगा घेऊन आले होते, नोकरी सुरू व्हायला आली होती आणि पुण्यातल्या घरमालकांच्या मुलाखती देऊन जीव मेटाकुटीला आला होता. एकाने माझं आडनाव पुन्हा पुन्हा विचारलं होतं. एकीने "तुमच्याकडे तिखट फार खातात ना?" म्हणत स्वयंपाकघराचं दारच लोटून घेतलं होतं. बाईंनी मला एवढंच विचारलं की, तुला घाण वाटते का.

"कशाची?" मी म्हटलं.

"कशाचीही. सर्वसाधारण."

मी नाही म्हटलं आणि राहिले. आता मी हडपसरला स्वतःच्या घरात राहते. घरात लिक्विड आहे, रॅकेट आहे, खिडक्यांना जाळ्याही आहेत. पण ट्यूबलाइटपाशी काही भिरभिरलं की हात उचलण्याआधी मी अजून त्याला सोंड आहे का ते बघते.

घाण वाटण्याचा प्रश्न बाईंनी का विचारला, ते फ्रिज उघडल्यावर कळलं. फ्रिजच्या दारात, जिथे लोकांकडे सॉस आणि लोणची असतात, तिथे बाईंकडे चिखल असे. बरण्यांमध्ये, ओढ्याच्या कुठल्या वळणावरचा ते चिकटपट्टीवर लिहून. दूध खालच्या कप्प्यात. पहिल्याच आठवड्यात मी दुधाची पिशवी काढताना एक बरणी कलंडवली. बाई धावत आल्या. त्यांनी आधी बरणी उचलली, मग दूध उचललं, आणि मग मला विचारलं, "तुला लागलं नाही ना?" हा क्रम त्यांच्या मनातलाच होता आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

बाई एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, हाडकुळ्या, केस मानेवर कापलेले. साडीवर त्या पुरुषांचा फुल शर्ट घालत, शेतावरच्या बायका घालतात तसा, कारण साडीला खिसे नसतात. खिशांत ड्रॉपर, चिमटा आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या चिमुकल्या काचेच्या बाटल्या. त्या चालू लागल्या की बाटल्या एकमेकींवर वाजत आणि सोसायटीत कोणीतरी म्हणे, आल्या चिलटबाई. तोंडावर मात्र सगळे मॅडम म्हणत.

ज्यांना आपण चिलटं म्हणतो, मुरकुटं म्हणतो, आणि बहुतेक वेळा नीट न बघता डास समजून दोन तळव्यांत चिरडतो, त्यांतलं एक कुळ बाईंनी तरुणपणीच धरलं होतं आणि मग सोडलं नव्हतं. दिसायला हे किडे डासासारखेच, पण सोंड नाही. त्यांना चावता येत नाही, रक्त पिता येत नाही, पंख फुटल्यावर बहुतेकांना काही खाताही येत नाही. खाणंपिणं सगळं पाण्यात अळी असतानाच उरकायचं. मग थोडे दिवस हवेत, एक जोडीदार, अंड्यांची चिकट माळ पाण्यात सोडायची आणि संपलं. अळ्या गाळात मातीची नळी करून राहतात. त्यांतल्या काही लालभडक असतात, कारण आपल्या रक्तातलं लाल द्रव्यच त्यांच्या अंगात असतं आणि पाण्यात हवा अगदी थोडी असली तरी ते ती धरून ठेवतं. मासा गुदमरून मरतो त्या पाण्यात या अळ्या आपापल्या नळीत बसून अंग हलवत राहतात.

"या शहरातल्या पाण्यात राहायला अजून तयार असलेलं हे एकच घराणं," बाई म्हणत. "आणि त्यांच्यावरच धूर मारतात. ज्यांना चावता येत नाही तेच आधी मरतात. डासांना काही होत नाही."

रोज सकाळी, दूध यायच्या आधी, त्या ओढ्यावर जात. हातात एनॅमलचं पांढरं ताट आणि चहाची गाळणी. अळीचा कोष होतो, कोष पाण्यावर येतो, त्याची पाठ उकलते, आतला किडा उडून जातो आणि रिकामी साल पाण्यावर तरंगत राहते. कडेला फेसात अशा साली कोंड्यासारख्या जमलेल्या असत. बाई त्या गाळून घेत, ताटात पसरत आणि भिंगातून बघत. "कोण कोण येऊन गेलं ते कळतं," त्या म्हणत.

सकाळी फिरायला निघालेली मंडळी भिंतीवरून डोकावत. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मोठ्याने म्हणाले, "काय मॅडम, सापडलं का सोनं?"

"सोनं असतं तर तुम्ही भिंतीपलीकडे उभे राहिला असतात का?" बाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या.

पुणेरी बोलणं म्हणजे काय, हे मला ऑफिसातल्या लोकांनी पुष्कळ समजावलं होतं. समजलं ते तिथे, त्या भिंतीपाशी.

गाळण्या घरात दोन होत्या, एक ओढ्याची आणि एक चहाची, आणि दोन्ही ओट्यावर एकाच खिळ्याला. ओढ्याच्या गाळणीला बाईंनी लाल दोरा बांधला होता. माझी आई मला भेटायला आली तेव्हा हे सांगायचं मी विसरले, आणि आईने सकाळी उठून सगळ्यांसाठी आपुलकीने चहा केला. चहा झाल्यावर गाळणी धुताना तिला जाळीत एक सुकलेली लाल अळी दिसली.

"काहून व बाई, हे काय होय?" आई तिथूनच ओरडली.

बाई धावत गेल्या. त्यांनी अळी चिमट्याने उचलून उजेडात धरली. "अरेरे," त्या म्हणाल्या, "उकळत्या चहाने डोकं गेलं हो हिचं." आईचा चेहरा बघून मग त्यांनी धीर दिला, "तुम्हाला काही होणार नाही. नुसतं प्रोटीन."

त्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन सामान बांधायला सांगितलं. मी ऐकलं नाही. पण जायच्या आधी दोघी गॅलरीत बसल्या आणि आईने आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे सरळ विचारून टाकलं, "लगन नाही केलं का तुम्ही?"

"ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "मग त्यांच्याकडच्यांनी विचारलं, हे नदीवर जाणं लग्नानंतर बंद होईल ना? मी म्हटलं, सांगता येत नाही."

आई म्हणाली, "एकटं लागत असंन बापा." बसस्टॉपवर आई मला म्हणाली, बाई वाईट नाही, पोरी, पण तिच्याजवळ कोणी नाही. तू जेवायला तिच्याच सोबत बसत जा.

मी बसायला लागले. तोवर बाई उभ्याउभ्याच जेवत, मायक्रोस्कोपशेजारी ताट ठेवून.

त्यांच्या एकटेपणाचं खरं रूप मला गच्चीवर दिसलं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला या किड्यांचे नर उंच उभ्या असलेल्या एखाद्या वस्तूच्या वर जमतात. खांब, झुडूप, गाईची पाठ, काहीही चालतं. तिथे ते वर-खाली नाचत राहतात आणि माद्या त्या घोळक्यात शिरून जोडीदार मिळवतात. बाई पाण्याच्या टाकीपासून दूर, गच्चीच्या मधोमध, हात खाली सोडून उभ्या राहत. थोड्या वेळाने त्यांच्या डोक्याच्या हातभर वर तो बारीक, हलता घोळका जमे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मग का कोण जाणे, रडूही आलं. "हललं की ते दुसरीकडे जातात," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "मी त्यांना खांब वाटते. वाटू दे." दिवसभरात त्यांच्या इतक्या जवळ दुसरं कोणीच येत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बायकांचं मत होतं की बाई कसलं तरी अनुष्ठान करतात.

तशी बोलायला त्यांना एक व्यक्ती होती. कोलकात्याला एक वृद्ध प्राध्यापक होते, आयुष्यभर याच कुळावर काम केलेले. बाई त्यांना नुसतं सर म्हणत. दर रविवारी फोन. दोघांची इंग्रजी आपापल्या गावची, आणि अडलं की हिंदी, तीही आपापल्या गावची. पाय, केस, शेपटीचं टोक, यांशिवाय त्या फोनवर दुसरा विषय नसे. पण बाईंना हसताना मी ऐकलं ते फक्त रविवारी. सरांची एक सवय होती. बाईंनी काहीही सांगितलं की ते म्हणत, "मॅडम, अच्छा है. अब फिर से देखिए." बाई चिडत आणि पुन्हा बघत.

मी तिथे असतानाच एका रविवारी फोन सरांच्या सुनेने उचलला. बाई "आय सी, आय सी," असं म्हणत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी एक स्लाइड लावली आणि दुपारपर्यंत तिच्यावरून मान वर केली नाही. जेवताना म्हणाल्या, "आता कोणाला विचारायचं गं?" मी त्यांना आणखी थोडा भात वाढला. त्यानंतरही कितीतरी दिवस त्या मधूनच "सरांना विचारायला हवं" म्हणत आणि थांबत.

आता एका वेगळ्याच अळीचं सांगायला हवं, कारण बाईंच्या आयुष्यात तेवढी एकच मोठी गोष्ट उरली होती.

अळीचं डोकं क्षारात उकळून काचपट्टीवर दाबलं की तोंडापाशी दातांची ओळ दिसते, लहानशा कंगव्यासारखी. प्रत्येक जातीचा कंगवा वेगळा. आमच्या ओढ्याच्या खालच्या वळणावर बाईंना काही वर्षांपूर्वी अशा अळ्या मिळाल्या होत्या की, ज्यांच्या कंगव्यात मधला दातच नव्हता. एकीच्या नाही, त्या वळणावरच्या सगळ्यांच्या. कुठल्याही पुस्तकात असा कंगवा नव्हता. बाईंची खात्री झाली की ही जात जगाला ठाऊक नाही, ती इथे, आपल्या भिंतीमागे राहते. पण नुसत्या अळीवरून जात जाहीर करता येत नाही. त्या अळीपासून झालेला उडता किडा हवा, आणि तोही नर, कारण माद्या सगळ्या एकसारख्या दिसतात. नराच्या शेपटीच्या टोकावर मात्र त्याची ओळख असते. म्हणून एकेक अळी एकेका बाटलीत, थोडं पाणी, थोडा गाळ, तोंडाला कापसाचा बोळा. पुष्कळशा कोषातच मरत. ज्या बाहेर पडत त्या माद्या निघत. आणि बाई पुन्हा ओढ्यावर जात.

सोसायटीला हे कळलं तेव्हा तिला करमणूक मिळाली. खाली बाकावर बसलेले सेक्रेटरी विचारत, "काय मॅडम, मिळाला का नर?"

"नाही," बाई गंभीरपणे सांगत. "सगळ्या माद्याच निघतायत. तुम्ही कुठे बघितलात तर कळवा."

त्यानंतर ओढ्यावर स्लॅब टाकायचा विषय निघाला. वास बंद होणार होता आणि वर गाड्या लावायला जागा मिळणार होती. महापालिकेला फक्त सोसायटीचं संमतिपत्र हवं होतं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली. सगळे हात वर करायच्या बेतात असताना बाई उठल्या. सभेत त्या याआधी कधी बोलल्याच नव्हत्या.

"या ओढ्यात एक जात आहे," त्या म्हणाल्या. "ती दुसरीकडे कुठे असल्याची नोंद नाही. स्लॅब टाकलात तर ती जाईल. मला वेळ द्या."

"किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नर मिळेपर्यंत."

खुर्च्या मागेपुढे होईपर्यंत लोक हसले. बाई उभ्याच राहिल्या. हसणं ओसरल्यावर सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "म्हणजे जगात कुठेच नाही? फक्त आपल्याकडे?"

"तसं वाटतंय."

"मग त्याला नाव काय देणार? सोसायटीचं देता येतं का?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "येतं," त्या म्हणाल्या. "शेवटी थोडा लॅटिन प्रत्यय लागेल."

तिथून वारं फिरलं. संमतिपत्र दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत लांबलं. "इतकी वर्षं वास घेतला, अजून थोडे दिवस घेऊ," असं सेक्रेटरींनीच सगळ्यांना पटवलं. आणि चिलटबाईंच्या दाराची घंटा वाजायला लागली. लोक बाटल्या बघायला येत. खालच्या मजल्यावरच्या बायका गच्चीवर येऊन लांब उभ्या राहत आणि कुजबुजत, हलू नका, जातील. कोणी भाजी आणून देई, कोणी वर्तमानपत्रातलं नदीवरचं कात्रण. दिवाळीत इतका फराळ आला की आम्हाला डबे कमी पडले. बाईंनी नवे कप आणले. त्या लोकांना समजावताना हात हलवून बोलत, शर्टाच्या खिशातून बाटली काढून उजेडात धरत. इतकी माणसं आपल्याकडे येतात याचा त्यांना आनंद होत होता, आणि तो त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखा दिसायचा. मला त्यांच्यासाठी फार बरं वाटायचं आणि तेवढीच भीतीही वाटायची.

दिवाळी संपल्यावर एका संध्याकाळी मी घरूनच काम करत होते. मीटिंग चालू असताना बाईंची हाक आली, "अगं, ये! आहे तशी ये!" खिडकीतल्या एका बाटलीत कोष वर आला होता. त्याची पाठ उकलली आणि आतून एक फिकट, ओला जीव वर सरकला. आपल्याच सालीवर उभा राहिला. मग डोक्यावरच्या मिशा सुटल्या, बारीक पिसांच्या दोन झुबक्यांसारख्या.

"मिशा बघ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "नराच्याच असतात अशा."

मी त्यांना मिठी मारली. त्या आक्रसून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी माझ्या पाठीवर एकदा थोपटलं. रात्रीच्या जेवणाला त्या पहिल्यांदा हॉटेलातून काही मागव म्हणाल्या.

त्याची स्लाइड व्हायला थोडे दिवस लागले. त्यांपैकी शेवटच्या दिवशी मी ऑफिसातून परतले तेव्हा बाई मायक्रोस्कोपसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "बघ," त्या म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. त्यांनी मला नराच्या शेपटीचं टोक दाखवलं. मग पेटीतून एक जुनी स्लाइड काढून लावली. त्यांच्या तरुणपणी नदीवर धरलेला, त्यांच्या मते पुण्यातला सगळ्यांत साधा, सगळ्यांत जास्त सापडणारा नर.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन चित्रं सारखी आहेत हे कळायला शिक्षण लागत नाही.

"पण दात?" मी म्हटलं.

"बाटलीच्या तळाशी त्याच्या अळीचं टाकलेलं डोकं आहे. मधला दात नाही. म्हणजे तीच अळी आणि तोच नर." बाई थांबल्या. "जात जुनीच आहे. दात वाकडे येतात, येतच नाहीत, पाण्यात काही विषारी असलं की. हे मीच शिकवायचे वर्गात. एखाददुसरीचा गेला असता तर लगेच ओळखलं असतं. इथे सगळ्यांचेच तसे. सगळ्यांचं तसं असलं की ते नवीन वाटतं. सगळ्याच आजारी असतील, हे माझ्या मनात आलं नाही."

मी पुन्हा भिंगात डोकावले.

"एकट्याने काम केलं की असं होतं," त्या म्हणाल्या. "सर असते तर म्हणाले असते, फिर से देखिए."

सभा दोन दिवसांवर आली होती. मी बाईंना म्हटलं, "सांगूच नका ना. अजून मिळाला नाही म्हणा. तुमच्याशिवाय कोणाला कळणार आहे? ओढा तर राहील." मला ओढ्याचं तेवढं नव्हतं. घंटा वाजायची थांबेल, हे मला सहन होत नव्हतं.

"आणि ते रोज विचारतील, मिळाला का," बाई म्हणाल्या. "मी रोज नाही म्हणू?"

त्यांनी स्लाइडच्या कडेला चिठ्ठी चिकटवली, बारीक अक्षरात जागा आणि तारीख घातली आणि ती पेटीत त्या जुन्या नराशेजारच्या खाचेत सरकवली. मी म्हटलं, आता हा ठेवून काय करायचा? त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलावलं, आला. ओळखीचा निघाला यात त्याची काय चूक?"

सभेला या वेळी जास्त गर्दी होती. सेक्रेटरींनी बाईंसाठी पुढची खुर्ची राखून ठेवली होती. बाई उभ्या राहिल्या.

"नर मिळाला," त्या म्हणाल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली. "जात नवीन नाही. माझी चूक झाली. ही सगळीकडे सापडणारी जात आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"पण एक सांगायचंय," बाई पुढे म्हणाल्या. "नवीन असती तर ती आनंदाची गोष्ट होती. जुनी आहे आणि तिचे दात गेलेत, ही काळजीची गोष्ट आहे. वर कुठेतरी या पाण्यात कोणीतरी काहीतरी सोडतंय. हेच पाणी जमिनीत मुरतं, आपल्या बोअरमध्ये येतं. ते तपासून घ्या. झाकलंत तर मग दिसणारही नाही."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "म्हणजे मॅडम, स्लॅबला आता तुमची हरकत नाही ना?"

"माझी हरकत याच्यासाठीच आहे."

"पण ती जात तर दुसरीकडे आहे म्हणता."

"आहे."

"मग झालं तर," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. खरं सांगायचं तर ते थोडे दुखावले होते. हात वर झाले. बाईंचा आणि माझा खाली राहिला. माझा मोजायचा प्रश्नच नव्हता, मी भाडेकरू.

सभेनंतर कॉफी होती. लोक घोळक्याघोळक्याने उभे राहून गाड्यांच्या जागांबद्दल बोलत होते. बाई कप घेऊन एका खांबाजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्याशी कोणी बोललं नाही. शेवटी सेक्रेटरी जवळ आले. "मॅडम, तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं हो," ते हळू आवाजात म्हणाले.

"कोणाला चाललं असतं?" बाईंनी विचारलं. त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाणी कोणी तपासलं नाही. बाईंनी स्वतः अर्ज केले, दोन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. तिथे त्यांना डासांच्या तक्रारीच्या खिडकीवर पाठवलं. दाराची घंटा पुन्हा फक्त कचरेवाल्या ताईच वाजवू लागल्या. नवे कप बाईंनी कपाटात वर ठेवून दिले. मला त्या सोसायटीचा राग आला, अजून येतो, आणि तो कोणावर काढावा हे आजही कळत नाही, कारण वाईट असं त्यांच्यात कोणी नव्हतं.

स्लॅबचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी घरी आले तर दारापासून आतपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. होमिओपॅथीच्या बाटल्या तर होत्याच, पण वाट्या, फुलपात्रं, लोणच्याच्या बरण्या, फराळाचे राहिलेले डबे, माझा कॉफीचा मग, सगळ्यांत ओढ्याचं पाणी आणि तळाशी थोडा गाळ. बाई दिवसभर ताट घेऊन खाली-वर करत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, श्वास लागलेला.

"बाई, या तर साध्याच आहेत ना?" मी म्हटलं. "सगळीकडे सापडणाऱ्या?"

"हो."

"मग कशाला?"

"उद्या वरून सिमेंट पडणार आहे," त्या म्हणाल्या. दुसरं कारण त्यांनी दिलं नाही. मी चपला काढल्या, पदर खोचायला पदर नव्हता म्हणून जीन्स दुमडली आणि त्यांच्याबरोबर खाली गेले.

पुढचे कितीतरी दिवस भिंतीमागे मिक्सरची घरघर चालू होती आणि घरात ती भांडी होती. आम्ही त्यांच्यामधून वाट काढत चालत होतो. पुष्कळ अळ्या मेल्या. ज्या राहिल्या त्यांचे कोष संध्याकाळच्या सुमाराला वर येत. बाई खिडकीत बसत, आणि आतला किडा सालीवर उभा राहून पंख वाळवायला लागला की अलगद कापसाचा बोळा काढत. तो थोडा वेळ काचेच्या कडेवर थांबे आणि मग नदीच्या बाजूला निघून जाई. किडे मारून जपून ठेवायची स्पिरिटची बाटली टेबलावर झाकण लावलेलीच होती.

एकदा एक उडाल्यावर मी न राहवून विचारलं, "नर होता का हो?"

"बघितलं नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या बाटलीचा बोळा काढला.